हळू चालणाऱ्यांचे मेश्रामभाऊ

मेश्रामभाऊ आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले, ते पुढच्या दाराने आलेच नाहीत. मी वांग्याची भाजी गॅसवर ठेवून बेल वाजायची वाट बघत होते, तेवढ्यात माझा नवरा अविनाश खिडकीतून म्हणाला, "शैला, आपल्या मागच्या कुंपणावर सूट घातलेला एक माणूस चढतोय."

मी धावत गेले. माझ्या ऑफिसातले डॉक्टर मेश्रामच होते. अंगात सूट, गळ्यात टाय, पायात लाकूडतोडे घालतात तसले जाडजूड बूट. एका हातात बेकरीतल्या केकचा खोका, दुसऱ्या हाताने कुंपण धरलेलं आणि मान वर करून ते मागच्या टेकडीकडे बघत होते.

"शैलाबाई," नमस्कार-चमत्कार काही न करता ते म्हणाले, "तुमच्या घरातून वर जायला रस्ता नाही."

"वर म्हणजे कुठे?"

"वर म्हणजे वर. टेकडीवर. मागच्या लोकांनी इथं फाटक काहून नाही ठेवलं? त्यांना सांगा, फाटक पाहिजे." मग ते उतरले, बूट झटकले आणि केक माझ्या हातात देऊन म्हणाले, "हं. आता वाढा."

हे काही आमच्याच घराचं नशीब नव्हतं. मराठी मंडळाच्या गणपतीला भाड्याच्या हॉलमध्ये सगळे आरतीला उभे असताना मेश्रामभाऊ पार्किंग लॉटमध्ये उभे राहून चढ कुठल्या बाजूला आहे ते बघत. बारशाला गेले की बाळ बघायच्या आधी घराचं मागचं दार बघत. एका नव्या जोडप्याने हौसेने नदीकाठी घर घेतलं आणि त्यांना दाखवायला नेलं. त्यांनी सगळ्या खोल्या फिरून बघितल्या आणि म्हणाले, "छान आहे. विका."

आमची नीलम तेव्हा पहिलीत होती. ती त्यांना 'मड अंकल' म्हणायची. मी डोळे वटारले म्हणून तिने त्याचं 'चिखलकाका' केलं, आणि मेश्रामभाऊंना ते इतकं आवडलं की फोनवर ते स्वतःच सांगत, "नीलमला सांगा, चिखलकाकाचा फोन आहे."

तर हे चिखल प्रकरण काय, ते सांगायला हवं. आम्ही राहत होतो अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, आणि आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, एक ज्वालामुखी होता. दिसायला देखणा. माथ्यापासून कमरेपर्यंत बर्फ. ढग नसले की लोक एकमेकांना सांगत, "आज डोंगर बाहेर आलाय." घरं विकणाऱ्यांच्या जाहिरातीत तो, शाळेच्या टी-शर्टवर तो, लग्नाच्या फोटोत नवरा-नवरीच्या मधोमध तो. ऐंशी साली जवळचाच सेंट हेलेन्स फुटला आणि आमच्या काउंटीला अचानक आठवलं की आपलाही डोंगर त्याच जातीचा आहे. मग धोका किती, कुणाला, कशाला, हे ठरवायला एक माणूस नेमला. तो माणूस म्हणजे मेश्रामभाऊ. नागपूरचे. तिथे भूगर्भशास्त्र शिकले, इथे येऊन डॉक्टरेट केली. मी मिरजेहून लग्न करून आलेली, ड्रॉइंग शिकलेली. मला नकाशे काढायला त्यांच्या हाताखाली दिलं. पहिल्याच दिवशी मी "मेश्रामसाहेब" म्हटलं तर हात जोडून म्हणाले, "साहेब नका म्हणू बाप्पा. भाऊ म्हणा. या देशात मला भाऊ म्हणणारं कोणी नाही."

लोक येत आणि लाव्हाबद्दल विचारत. मेश्रामभाऊ वैतागत. "लाव्हा सोडा हो! लाव्हा हळू येते. लाव्हाच्या पुढून म्हातारी गाय पण निघून जाते. चिखल विचारा मला, चिखल!" मग ते समजावून सांगत: डोंगराच्या आतल्या वाफेने खडक कुजतो, भुसभुशीत होतो. एखादे दिवशी तो कुजका भाग बर्फासकट सुटतो, बर्फाचं पाणी होतं, आणि ओल्या सिमेंटसारखं ते सगळं नदीच्या पात्रातून खाली धावत सुटतं. झाडं, धोंडे, पूल, सगळं घेऊन. "त्याला डोंगर फुटायची पण गरज नाही. नुसतं सैल झालं तरी पुरते."

"पण डोंगर तर किती शांत दिसतो," कुणीतरी म्हणे.

"डोंगराला राग नसते, बाई. वजन असते."

आमच्या नकाशात जिथे चिखल नक्की जाणार तो भाग लाल, जाईल असं वाटतं तो नारिंगी, आणि मोठाच प्रकार झाला तर जाईल तो पिवळा. नकाशा भिंतीवर लागला त्या आठवड्यात घरं विकणारा एक गृहस्थ माझ्या टेबलाशी आला. त्याचे चार प्लॉट लालमध्ये होते. तो फार अदबीने म्हणाला, "मॅडम, हा लाल जरा गुलाबी करता येईल का?"

मी भाऊंकडे बघितलं. भाऊ खुर्चीतून उठलेही नाहीत. "डोंगराला विचारून सांगतो," म्हणाले.

सगळ्यात लाल होतं फर्न हॉलो. छोटंसं गाव. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला भिंतीसारखी उभी टेकडी, मधल्या चिंचोळ्या पट्टीत शाळा, वृद्धाश्रम, लाकडाची गिरणी आणि घरं. बाहेर जायला एकच रस्ता, तोही नदीकाठाने आणि पुलावरून. गावाची योजना साधी होती: भोंगा झाला की गाडीत बसायचं आणि पळायचं.

"म्हणजे चिखल ज्या रस्त्याने जाते त्याच रस्त्याने, त्याच्या पुढे, लायनीत," भाऊ म्हणाले. "आणि पूल?" त्यांनी टेबलावर टिचकी मारली. "पूल सगळ्यात आधी जाते."

त्यांचं म्हणणं एकच. गाडी नको. चालत वर जायचं. टेकडी गावाला चिकटूनच आहे, फक्त वर जायला वाट नाही. ती करा. आणि वाट करायची तर गावातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाच्या हिशेबाने करा. "बाकीचे पळतील हो. त्यांची चिंता काहून करता? सगळ्यात हळू कोण चालते, ते सांगा."

हे कुणाला सांगता येईना, म्हणून ते स्वतःच शोधायला निघाले. पुढचा महिनाभर डॉक्टर मेश्राम सूट आणि बूट घालून फर्न हॉलोतल्या म्हाताऱ्यांच्या मागून चालत होते. दुकानात ढकलगाडी घेऊन कुणी आजी निघाल्या की त्यांच्या मागे हे. कुणी आजोबा चर्चमधून निघाले की त्यांच्या मागे हे. आजी थांबल्या की हेही थांबत आणि आकाशाकडे बघत.

शेवटी मिसेस ओल्सन यांच्या मागे गेले आणि पकडले गेले. मिसेस ओल्सन पियानो शिकवायच्या. ऐंशीच्या पुढच्या, काठी घेऊन चालणाऱ्या, आणि वाटेत दिसेल त्या मांजराशी बोलणाऱ्या. त्यांच्या शेजारणीने पोलिसांना फोन केला. डेप्युटीने, म्हणजे काउंटीच्या पोलिसाने, भाऊंना रस्त्यात अडवलं आणि विचारलं, "तुम्ही या बाईंचा पाठलाग करताय का?"

"हो," भाऊ म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवयच नव्हती.

मला फोन आला. मी जाऊन बघते तर डेप्युटीच्या गाडीत पुढे डेप्युटी, मागे भाऊ, आणि त्यांच्या शेजारी मिसेस ओल्सन स्वतःहून येऊन बसलेल्या. त्या डेप्युटीला झापत होत्या. "तरुण माणसा, यांनी मला विचारलं की त्या चढावर मी दोनदा का थांबते. माझ्या डॉक्टरने आजपर्यंत हे विचारलेलं नाही." आणि भाऊ उत्साहाने मला मराठीत सांगत होते, "शैलाबाई, सापडल्या! यांच्यापेक्षा हळू गावात कोणी नाही! दम लागते म्हणून नाही थांबत. गुडघा वळत नाही. पायऱ्या नाही चालणार. उतार करावा लागेल. पसरट, नागमोडी!"

काउंटीच्या सभेत मात्र डाळ शिजली नाही. सभा शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये, म्हणजे जिममध्ये. अध्यक्ष होता हॅलोरन, ज्याचं गावाच्या तोंडाशी मोटारींचं शोरूम होतं. मोठ्या पोटाचा, मोठ्या आवाजाचा, मनाने वाईट नसलेला माणूस. त्याने भाऊंचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "डॉक्टर, ही अमेरिका आहे. इथे माणूस कचऱ्याच्या डब्यापर्यंतसुद्धा ड्राइव्ह करत जातो. तुम्ही त्याला डोंगर चढायला सांगताय?" जिम हसली. वाट नामंजूर झाली.

परतताना भाऊ म्हणाले, "हसले ना? चांगलं आहे. हसलेलं लोकांच्या लक्षात राहते." पण पुलावर त्यांनी गाडी थांबवली आणि बराच वेळ खालच्या पाण्याकडे बघत उभे राहिले.

पंच्याऐंशीच्या नोव्हेंबरात कोलंबियातली बातमी आली. तिथला बर्फाचा ज्वालामुखी थोडासाच फुटला, चिखल नदीतून उतरला, आणि एक अख्खं गाव झोपेत गाडलं गेलं. ऑफिसात सकाळी टीव्ही लावलेला होता. भाऊ सूट घालून समोर उभे. दुपारी माझ्या टेबलापाशी आले आणि हळूच म्हणाले, "नकाशा होता, शैलाबाई. त्यांच्याकडे नकाशा होता." माझ्या रंगीत पेन्सिली त्यांनी एकेक उचलून पुन्हा खोक्यात ठेवल्या. "नकाशा काढून होत नाही. नकाशाला पाय नसतात."

त्यानंतर ते दारोदार फिरले. फर्न हॉलोत असं घर राहिलं नाही जिथे त्यांनी कॉफी प्यायली नसेल. आंबेडकर जयंतीला दरवर्षी ते आम्हा मराठी लोकांना घरी बोलावून नागपुरी सावजी मटण खिलवायचे. त्या वर्षी त्यांनी फर्न हॉलोची गिरणीवाली माणसंही बोलावली. ती आडदांड माणसं पहिल्या घासाला रडली, दुसऱ्या घासाला घामाघूम झाली, आणि जाताना म्हणाली, "डॉक, हे खाऊन घेतलं, आता टेकडी काय चीज आहे."

पुढची सभा भरली तेव्हा भाऊंच्या आधी मिसेस ओल्सनच उठल्या. काठी टेकत माइकपर्यंत गेल्या. त्याला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ अख्खी जिम गप्प बसून बघत होती, आणि मला वाटतं तिथेच काम झालं. त्या एवढंच म्हणाल्या, "आता तुम्ही पाहिलंत मी कशी चालते. मला वर जायचंय. रस्ता द्या."

हॅलोरनने चष्मा काढला, पुसला, आणि वाटेच्या बाजूने हात वर केला.

वाट गिरणीच्या लोकांनीच बांधली. रुंद, पसरट, वळणावळणाची, व्हीलचेअर जाईल अशी. मग सराव सुरू झाले. पहिला सराव म्हणजे जत्रा. निम्मं गाव वाटेच्या पायथ्यापर्यंत गाडीने आलं. "चालायला गाडीने आले!" भाऊ शिट्टी वाजवत ओरडले, "परत जा! परत जा आणि घरून चालत या!" कुणी घडीच्या खुर्च्या आणल्या, कुणी सँडविचेस, एकाने पिंजऱ्यासकट पोपट. पण दर सरावाला गाव सुधारत गेलं. वृद्धाश्रमातली प्रत्येक व्हीलचेअर कोण ढकलणार हे ठरलं. शाळेच्या वर्गांत तर पैज लागायला लागली. आणि मिसेस ओल्सन रोज सकाळी पहिल्या वळणापर्यंत जाऊन येऊ लागल्या. भाऊ कायम सगळ्यांच्या शेवटी चालत. त्यांच्या मागे कुणीही राहायचं नाही, हा नियम.

आणि मग तो दिवस आला. ऑक्टोबर असून उन्हाळ्यासारखं ऊन होतं. डोंगर बाहेर आलेला, लखलखीत. भाऊ आणि मी वाटेचा कठडा बघायला फर्न हॉलोत गेलो होतो. दुपारची शाळा सुटायची होती. वर जंगलात लाकूड तोडणाऱ्या टोळीच्या माणसाने रेडिओवरून गिरणीला सांगितलं: वरची दरी हलतेय, नदी तपकिरी होऊन उभी राहून येतेय. गिरणीने भोंगा वाजवला.

मी भाऊंकडे बघितलं. ते कोट काढून कठड्यावर टाकून खाली निघाले. सगळे वर येत होते आणि हा माणूस खाली.

"भाऊ!"

"शेवटचं माणूस आणतो!"

मी शाळेच्या पोरांबरोबर वर चढले. कुणी किंचाळत नव्हतं. पोरं सरावातल्यासारखी जोडीने, हात धरून. त्यांच्यामागे व्हीलचेअरी, एकेका खुर्चीला गिरणीचे दोघे दोघे. तिसऱ्या वळणावर वळून पाहिलं तर एका खुर्चीमागे लालबुंद होऊन हॅलोरन ढकलत होता. त्याची नवी कोरी गाडी खाली रस्त्यात दार उघडं टाकून उभी होती. खुर्चीतले आजोबा त्याला सांगत होते, "डावीकडून घे, डावीकडून." आणि हॅलोरन म्हणत होता, "येस सर."

मिसेस ओल्सन माझ्या पुढे निघून गेल्या. अगदी शपथेवर सांगते.

मग जमीन थरथरली. मालगाडी अंगावर यावी तसा आवाज, आणि ओल्या मातीचा, मोडलेल्या देवदाराचा वास. चिखलाच्या तोंडाशी नुसते ओंडके होते, उभे, आडवे, एकमेकांवर चढणारे. पूल गेला. तो मोडला असं म्हणता येणार नाही. होता आणि नव्हता. शाळेचा खालचा मजला भरला. आणि हॅलोरनच्या शोरूममधल्या गाड्या, लाल, निळ्या, पांढऱ्या, एकामागोमाग एक, ड्रायव्हरशिवाय, ठरल्यासारख्या रस्त्याला लागल्या.

हॅलोरन धापा टाकत बघत होता. म्हणाला, "सगळा स्टॉक एका दिवसात हलला. असं आधी कधी झालं नव्हतं."

पण मी भाऊंना शोधत होते. खालच्या वळणावर झाडं आडवी येत होती. काही दिसेना. आणि मग दिसले. टाय खांद्यावर उडालेला, एका हाताने एका चिडक्या म्हाताऱ्याला धरलेलं, दुसऱ्या हातात पोपटाचा पिंजरा. म्हातारा पोपटासाठी परत गेला होता आणि भाऊ म्हाताऱ्यासाठी. त्यांच्या खाली, जिथून वाट सुरू व्हायची, तिथे आता चिखल उकळल्यासारखा फिरत होता.

वर आल्या आल्या भाऊंनी मागे वळूनही पाहिलं नाही. कुणीही बघेल, एवढी वर्षं ज्याचे नकाशे काढले तो चिखल! पण ते माणसांकडे बघत सुटले. शाळेच्या बाई ओरडल्या, "माझे सगळे आहेत!" वृद्धाश्रमाची नर्स ओरडली, "माझे सगळे!" गिरणी, दुकान, चर्च, एकेका बाजूने आवाज आले. सगळे. सगळे. सगळे.

"कोणी राहिलं का?" भाऊंनी पुन्हा विचारलं. आवाज फाटला होता.

"कुणी नाही, डॉक," हॅलोरन म्हणाला. "एकही नाही."

आणि मग जो जल्लोष झाला तसा मी पुन्हा कधी ऐकला नाही. गिरणीच्या लोकांनी भाऊंना खांद्यावर घेतलं. "खाली ठेवा! पडतो ना बावा, खाली ठेवा!" हे शुद्ध नागपुरी मराठीत. मिसेस ओल्सननी खाली ओढून त्यांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. पोपट शिव्या देत होता. पोरं नाचत होती. भाऊंचा चष्मा कुणाच्या तरी डोक्यावर गेला होता आणि त्यांना काही दिसत नव्हतं, पण ते हसत होते. तोंडभर. मी त्यांना असं हसताना प्रथमच पाहिलं.

टेकडीच्या माथ्यावर एका निवृत्त जोडप्याचं घर होतं. त्यांची फोनची लाइन मागच्या गावावरून यायची, म्हणून ती चालू होती. बाईंनी दार उघडून सांगितलं, "सगळ्यांनी घरी कळवा. पण दोनच वाक्यं बोला, मागे रांग आहे." तशी रांग लागली. कुणी मुलीला, कुणी नवऱ्याला, कुणी दूरच्या भावाला. सगळ्यांचं तेच: मी ठीक आहे. आम्ही वर आहोत. मीही अविनाशच्या ऑफिसात फोन केला आणि रडले.

माझ्या मागे भाऊ होते. त्यांनी रिसीव्हर उचलला. बोट डायलपर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. मग ते रिसीव्हर ठेवून माझ्याकडे बघून म्हणाले, "लाइन बिझी आहे."

त्यांनी नंबरच फिरवला नव्हता. त्यांची बायको सुशीला इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात गेली होती, मूलबाळ नव्हतं, नागपूरला आता कुणी उरलं नव्हतं. हे सगळं मला माहीत होतं. पण त्याचा अर्थ मला त्या फोनपाशी कळला. अख्ख्या गावाला वर आणलेल्या माणसाला आपण वर आलो हे सांगायला कुणी नव्हतं.

मी रिसीव्हर उचलला, पुन्हा अविनाशचाच नंबर फिरवला आणि त्यांच्या हातात दिला. "भाऊ, घरी कळवा."

"हॅलो, अविनाशराव? मेश्राम बोलून राहिलो. हव, शैलाबाई बाजूलाच आहेत. ठीक आहेत." ते थांबले. "नाही, म्हणजे... मी पण ठीक आहे. ते सांगायला फोन केला. मी पण वर आहे."

तिकडून अविनाश काहीतरी बोलला असावा. भाऊ ऐकत राहिले. मग त्यांनी आमच्याकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड केलं आणि हळू आवाजात म्हणाले, "हव. सुखरूप आहे. मला काही नाही झालं. घरी येतो."

त्यांची दोन वाक्यं केव्हाच संपली होती. मागे रांगेत हॅलोरन होता, नर्स होती, पिंजरा घेऊन तो म्हातारा होता. कुणीही घाई केली नाही.